एक चाक चिखलात, एक चाक सडकेवर : डिफरन्शिअलचे गणित आणि गाडीचा तोल

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे गाव बाहेरच्यांना परिचित आहे ते महामार्गालगतच्या १०५ फुटी हनुमान मूर्तीमुळे. पूर्वी क्रमांक ६ म्हणून आणि आता क्रमांक ५३ म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथून मलकापूर आणि खामगावकडे जातो. या डांबरी सडकेवरून गाडी खाली उतरवून शिवाराकडे वळवली, की जमिनीचे रूप पालटते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील ही काळी, खोल, चिकणमातीची जमीन कपाशीला मानवते. मात्र पावसाळ्यात चाकांना मानवत नाही. पाणी पिऊन ती फुगते, टायरच्या नक्षीत घट्ट बसते आणि चार फेऱ्यांतच नवा टायर गुळगुळीत करून सोडते.

अशा वेळी पांदण रस्त्यांवर हमखास दिसणारे एक दृश्य असते. गाडीचे मागचे एक चाक सडकेच्या कडेला कोरड्या मुरमावर, तर दुसरे चाक चिखलात. चालक ॲक्सिलरेटर दाबतो. चिखलातले चाक भरारा फिरते, गारा उडवते आणि आपलाच खड्डा खोल करते. मुरमावरचे चाक मात्र जागचे हलत नाही. इंजिनात जोर आहे, एका चाकाला पकडही आहे, तरीही गाडी निघत नाही. हा दोष इंजिनाचाही नव्हे आणि चालकाचाही नव्हे. तो दोन चाकांच्या मधोमध बसलेल्या डिफरन्शिअल नावाच्या यंत्रणेचा स्वभाव आहे. हाच स्वभाव बदलण्यासाठी 'लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल' किंवा संक्षेपाने 'एलएसडी' ही रचना आली. ती काय देते आणि त्या बदल्यात काय घेते, हे समजून घेणे खेड्यापाड्यांत गाडी नेणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचे आहे.

डिफरन्शिअल हवाच कशाला?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांमधील अंतर १.४ मीटर धरले, तर गाडी पूर्ण उलटी वळवताना, म्हणजे १८० अंशांत, बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ४.४ मीटर अधिक चालते. वळण मोठे असो वा लहान, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसवली, तर हा फरक भरून काढण्यासाठी एका चाकाला रस्त्यावर घासत जावे लागेल. टायर झिजतील, स्टिअरिंग जड होईल आणि दांड्यावर ताण येईल.

यावरचा उपाय फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेक्योर यांनी १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी शोधला. आजही मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो गोल फुगीर भाग दिसतो, त्याच्या पोटात मूलतः तीच रचना असते. इंजिनाकडून आलेली शक्ती पिनियनद्वारे मोठ्या क्राउन चाकाला मिळते. क्राउनबरोबर एक पिंजरा फिरतो. पिंजऱ्यात छोटी दातेरी चाके असतात आणि ती डावीकडच्या व उजवीकडच्या दांड्याला जोर वाटून देतात. सरळ रस्त्यावर सारे एकत्र फिरते. वळणावर छोटी चाके स्वतःभोवती फिरू लागतात आणि एक चाक जेवढे मंदावते, तेवढाच वेग दुसऱ्या चाकाला मिळतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान मोटारींत हीच यंत्रणा गिअरबॉक्सच्या पोटात असते.

समान वाटणीची अडचण

या साध्या, म्हणजेच 'ओपन' डिफरन्शिअलचा नियम एका वाक्यात सांगता येतो : चाकांचे वेग भिन्न असू शकतात, पण दोन्ही चाकांना मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, नेहमी जवळजवळ समान असतो. सर्व अडचण या समानतेत आहे.

समजा, चिखलातले चाक १०० न्यूटन मीटरपेक्षा जास्त जोर जमिनीला देऊ शकत नाही. त्यापुढे ते घसरते. मुरमावरचे चाक ८०० न्यूटन मीटर पेलू शकते. ओपन डिफरन्शिअल दोघांना सारखेच देणार, म्हणून मुरमावरच्या चाकालाही १०० च मिळतात. एकूण जोर २००. गाडी रुतलेली असेल, तर तेवढ्याने ती निघत नाही. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी हा आकडा वाढत नाही. वाढतो तो फक्त घसरणाऱ्या चाकाचा वेग.

हा वेगही फसवा असतो. एक चाक थांबलेले असताना दुसरे चाक क्राउनच्या दुप्पट वेगाने फिरते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा काटा गिअरबॉक्सवरून वेग मोजत असेल आणि तो ताशी ४० किलोमीटर दाखवत असेल, तर चिखलातले चाक प्रत्यक्षात ताशी ८० च्या वेगाने फिरत असते. गाडी ढकलायला मागे उभ्या राहिलेल्या माणसांनी आणि आत बसलेल्या चालकानेही हे ध्यानात ठेवले पाहिजे. एवढ्या वेगात पिंजऱ्यातील छोट्या चाकांचे वंगण टिकत नाही, त्यांचा दांडा तापून धरतो. तसेच, भरधाव फिरणाऱ्या चाकाला अचानक दगडाची पकड मिळाली, तर एखादा दांडा तुटतो किंवा गाडी एकाएकी उसळी घेते.

मर्यादित घसरण म्हणजे काय?

एलएसडी ही समान वाटणीची सक्ती मोडते. दोन चाकांच्या वेगात फरक पडण्यास ती मुभा देते, पण मर्यादेत. चाक जास्त घसरू लागले की अंतर्गत घर्षणाच्या साह्याने काही जोर कमी वेगाच्या चाकाकडे वळवला जातो.

या शोधामागे शर्यतीच्या मोटारींची गरज होती. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३२ साली आराखडा केलेल्या 'ऑटो युनियन'च्या शर्यतीच्या मोटारीत इतकी ताकद होती, की ताशी १६० किलोमीटरच्या वेगापर्यंत तिचे मागचे एक चाक जागच्या जागी घसरत असे. यावर उपाय म्हणून पोर्शे यांनी १९३५ मध्ये जर्मनीच्या 'झेडएफ' कंपनीकडून मर्यादित घसरणीचा डिफरन्शिअल करून घेतला. पुढे १९५६ साली अमेरिकेच्या स्टुडबेकर-पॅकार्ड कंपनीने तो रोजच्या वापराच्या मोटारींत दिला.

आज या यंत्रणेचे तीन प्रमुख प्रकार आहेत. पहिला क्लच-प्लेटचा. यात पिंजरा आणि दांडे यांच्यामध्ये घर्षणाच्या चकत्यांचा थर असतो. जोर वाढला की चकत्या दाबल्या जातात आणि दोन्ही दांडे एकमेकांना बांधले जातात. स्प्रिंगच्या दाबामुळे थोडी बांधणी कायमच असते. दुसरा प्रकार तिरप्या दातांच्या गिअरचा. व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ मध्ये पेटंट घेतलेला 'टॉर्सन' हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. यात चकत्या नसतात. गिअरचे दातच एकमेकांवर घासून वाटणी बदलतात. तिसरा प्रकार घट्ट सिलिकॉन द्रवाचा, म्हणजे 'व्हिस्कस'. वेगातील फरक वाढला की द्रवाचा विरोध वाढतो. म्हणून तो काहीसा उशिरा जागा होतो.

वर घेतलेलेच उदाहरण पुढे नेऊ. एखादा एलएसडी कमी पकडीच्या चाकाच्या अडीच पट जोर दुसऱ्या चाकाला देऊ शकत असेल, तर चिखलातल्या चाकाला १०० आणि मुरमावरच्या चाकाला २५० मिळतील. एकूण ३५०. त्याच चिखलात, त्याच टायरवर जवळजवळ पावणेदोन पट जोर मिळाला. मात्र एक चाक पूर्ण अधांतरी असेल, तर त्याची पकड शून्य आणि शून्याची अडीच पटही शून्यच. निव्वळ गिअरवर चालणारा एलएसडी येथे हतबल ठरतो. अशा वेळी ब्रेक हलकेच दाबून ॲक्सिलरेटर दिल्यास अधांतरी चाकाला कृत्रिम विरोध मिळतो आणि त्याच्या पटीतला जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. ओपन डिफरन्शिअलच्या गाडीत मात्र ही युक्ती लाभत नाही; कारण दोन्हीकडचे ब्रेक सारखेच लागतात आणि वाटणीही सारखीच राहते.

शेतकऱ्याला ठाऊक असलेला उपाय

ही सारी चर्चा नांदुरा परिसरातील ट्रॅक्टरचालकाला अगदीच अपरिचित नाही. ट्रॅक्टरवर 'डिफरन्शिअल लॉक'चा पेडल असतो. नांगरताना एक चाक घसरू लागले, की चालक तो दाबतो आणि दोन्ही मोठी चाके एकाच दांड्यावर असल्यासारखी फिरतात. येथे मर्यादित घसरण नाही, तर घसरणीला पूर्ण बंदी आहे. आपल्या उदाहरणात असा लॉक ९०० न्यूटन मीटरपर्यंत जोर वापरू देईल. पण लॉक लावून वळता येत नाही. ट्रॅक्टर सरळच रेटत जातो. म्हणून वळणाआधी पेडल सोडण्याची सवय प्रत्येक जाणता चालक लावून घेतो.

ट्रॅक्टरवर दुसरीही एक सोय असते : डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचे स्वतंत्र ब्रेक. घसरणाऱ्या चाकाचाच ब्रेक दाबला, की डिफरन्शिअलला त्या बाजूला विरोध जाणवतो आणि तेवढाच जोर तो दुसऱ्या चाकाला देतो. आधुनिक मोटारींतील इलेक्ट्रॉनिक 'ट्रॅक्शन कंट्रोल' नेमके हेच काम संगणकाकडून करवून घेतो. (ट्रॅक्टर सडकेवर आणताना मात्र हे दोन्ही पेडल खिटीने जोडलेच पाहिजेत, अन्यथा वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटण्याचा धोका असतो.)

घाटाच्या वळणावर

नांदुऱ्याहून मोताळामार्गे बुलढाण्याला जाताना राजूर घाट चढावा लागतो. दोन्ही डिफरन्शिअलांच्या स्वभावातील फरक अशाच चढाच्या वळणावर कळतो. वळणात गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर जातो आणि आतली चाके हलकी होतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत ओपन डिफरन्शिअल असेल आणि चालकाने वळणातच जोर दिला, तर आतले हलके चाक किंचाळत घसरते. जोर वाया जातो, गाडी रेंगाळते आणि तिचे नाक वळणाच्या बाहेर जाऊ पाहते.

याच गाडीत एलएसडी असेल, तर जोर भार असलेल्या बाहेरच्या चाकाकडे जातो आणि गाडीचे नाक वळणाच्या आत ओढले जाते. शर्यतीतील चालकांना हे प्रिय असते. परंतु त्याची किंमत स्टिअरिंगवर मोजावी लागते. रस्ता उंचसखल असेल, तर जोर कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकतो आणि स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखे होते.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चित्र निराळे असते. क्लच-प्लेटचा एलएसडी वळणाच्या तोंडाशी, जोर नसताना, दोन्ही चाकांना थोडे बांधून ठेवतो. त्यामुळे गाडी वळायला नाखूश असते. वळणातून बाहेर पडताना जोर दिला, की दोन्ही चाके एकदम काम करतात आणि गाडी झेपावते. मर्यादेपेक्षा जास्त जोर दिला, तर मात्र दोन्ही चाके एकदम सुटतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो.

येथेच ओपन डिफरन्शिअलचा एक दुर्लक्षित गुण पुढे येतो. त्यात एक चाक घसरले तरी दुसरे, जवळजवळ बिनजोराचे चाक रस्ता धरून असते. टायरची पकड पुढे ढकलण्यात खर्च होत नसेल, तर ती गाडीला बाजूला सरकू न देण्यासाठी शिल्लक राहते. गाडी पुढे जात नाही, पण फिरतही नाही. सामान्य चालकाच्या दृष्टीने हा एक प्रकारचा विमाच होय.

निसरड्या सडकेची कड

हा विमा चिखलात विशेष मोलाचा ठरतो. पाणी वाहून जावे म्हणून रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते ठेवलेले असतात. पांदण रस्त्यांवरही बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमुळे असाच उतार तयार होतो. अशा रस्त्यावर संपूर्ण निसरडे झालेले असताना लॉक किंवा कडक एलएसडीची गाडी रेटली, तर मागची दोन्ही चाके एकदम फिरतात, बाजूची पकड दोघांचीही जाते आणि गाडीचा मागचा भाग उताराच्या दिशेने, म्हणजे नालीकडे किंवा शेताकडे, घसरत जातो. ओपन डिफरन्शिअलची गाडी त्याच जागी एक चाक फिरवत उभी राहिली असती.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट असावी. एलएसडी पकड निर्माण करीत नाही. एका चाकाकडे असलेली पकड दुसऱ्या चाकाच्या दुबळेपणामुळे वाया जाऊ नये, एवढीच काळजी तो घेतो. एक चाक कोरडे आणि एक ओले असताना तो तारतो. दोन्ही चाके ओली असतील, तर त्याच्यापाशी वाटायला काही नसते. ब्रेक लावल्यावर गाडी लवकर थांबणे हे तर त्याचे कामच नव्हे. ते टायर, ब्रेक आणि चालकाचे काम आहे. 'आपल्या गाडीला लॉक आहे' या भरवशावर पावसात वेग वाढवणाऱ्यांची गफलत नेमकी येथेच होते.

बाजारातील गाड्या

ग्रामीण भागात दिसणाऱ्या बहुतेक लहान मोटारी आणि मालवाहू गाड्या ओपन डिफरन्शिअलवरच चालतात. तो स्वस्त, टिकाऊ आणि देखभालीला सोपा आहे. तथापि महाराष्ट्राशी संबंधित कंपन्यांनी अन्य पर्यायही दिले आहेत. टाटा मोटर्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि आता उत्पादनात नसलेल्या 'सफारी स्टॉर्म'च्या फोर बाय फोर प्रकारात मागे एलएसडी होता. महिंद्राने २०१५ मध्ये सुधारित 'थार'मध्ये 'ईटन' कंपनीचा यांत्रिक लॉकिंग डिफरन्शिअल दिला. २०२० च्या नव्या 'थार'च्या काही प्रकारांत आणि २०२१ मध्ये आलेल्या 'बोलेरो निओ'च्या एन १० (ओ) या प्रकारातही तो आला. 'बोलेरो निओ' ही केवळ मागच्या चाकांवर चालणारी गाडी असल्याने काळ्या मातीच्या मुलखाच्या दृष्टीने हे उदाहरण बोलके आहे.

या लॉकला बटण नसते. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला, की आतील छोटी वजने बाहेर फेकली जातात, खटका अडकतो आणि चकत्या दाबल्या जाऊन दोन्ही चाके बांधली जातात. गाडीचा वेग ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या पुढे गेला, की लॉक लागतच नाही. वळणावरचा सर्वसाधारण फरक १०० फेऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी असल्याने एरवी ही गाडी ओपन डिफरन्शिअलसारखीच सरळ वागते. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या 'गुरखा'मध्ये पुढे व मागे चालकाने स्वतः लावायचे लॉक आहेत. तेथे ट्रॅक्टरचाच नियम लागू होतो : अडचण आली की लावा, निघालात की सोडा.

'एबीएस' भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले. त्यासाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजणारी यंत्रणा गाडीत आलीच. तिच्याच आधारे अनेक कंपन्या ब्रेकद्वारे चालणारा ट्रॅक्शन कंट्रोल देतात. यात वेगळा एलएसडी लागत नाही आणि वळणावर गाडी बिथरत नाही. मात्र घसरत्या चाकाचा जोर ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. थोडा वेळ तो उत्तम काम करतो, लांबलचक चिखलात ब्रेक तापतात.

गॅरेजमध्ये आणि रस्त्यावर

आपल्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत कोणता डिफरन्शिअल आहे, हे मेस्त्री सहज पाहू शकतो. पुढच्या चाकांना दगडाची उटी लावून, मागची दोन्ही चाके स्टँडवर उचलून, हँडब्रेक सोडून, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकायची आणि एक चाक हाताने फिरवायचे. दुसरे चाक सहज उलट दिशेने फिरले, तर डिफरन्शिअल ओपन आहे. चाक फिरवणे जड गेले, तर क्लच-प्लेटचा एलएसडी असण्याची शक्यता असते. टॉर्सन आणि ईटनचा लॉक मात्र हाताच्या मंद गतीला ओपनसारखेच वागतात. त्यांच्यासाठी गाडीची माहितीपुस्तिकाच पाहावी.

एलएसडी किंवा लॉक असलेल्या गाडीचे एक मागचे चाक जॅकवर असताना इंजिन सुरू करून गाडी गिअरमध्ये कधीही टाकू नये. जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला जोर मिळून गाडी जॅकवरून उडी घेऊ शकते आणि खाली असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. क्लच-प्लेटच्या एलएसडीला कंपनीने सांगितलेलेच तेल लागते. साधे तेल भरल्यास चकत्या कुरकुरतात व लवकर झिजतात. तसेच एकाच ॲक्सलवर एक नवा आणि एक झिजलेला टायर ठेवू नये. दोन्हींचा घेर भिन्न असल्याने सरळ रस्त्यावरही एलएसडीला सतत काम पडते आणि तो तापतो.

ओपन डिफरन्शिअलची गाडी रुतलीच, तर जोर देण्याचा मोह टाळून घसरणाऱ्या चाकाखालची पकड वाढवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. चाकापुढचा गारा काढून त्याखाली पऱ्हाट्या, तुराट्या, पोते किंवा मुरूम टाकला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळुवार ॲक्सिलरेटर दिला, तर वरच्या हिशेबातले १०० चे २०० होतात आणि दुसऱ्या चाकालाही आपोआप २०० मिळतात. पऱ्हाटीच्या एका पेंढीने एकूण जोर दुप्पट होतो. शिवारातल्या जुन्या माणसांना हे गणित मांडता येत नसेल; पण गाडीवाल्याला पहिला सल्ला ते हाच देतात आणि तो शास्त्राला धरूनच असतो.